प्रवासाची पँट उभ्याने मापू नका

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: वय ३८, राहायला फोंड्याला, नोकरी वेर्ण्याच्या कारखान्यात. महिन्यातून दोनदा कोकणकन्येने रात्रभर प्रवास करून मुंबई आणि त्याच सकाळी मीटिंग. अधूनमधून अनमोडमार्गे बसने हुबळी, क्वचित विमान. जीन्स-टीशर्ट घातला तर सहलीला आल्यासारखं दिसतं. फॉर्मल घातले तर सकाळपर्यंत चोळामोळा होतो, कमरेला वळ उठतात, काखा ओल्या. पोट थोडं सुटलंय. दहा हजारांत काय घ्यावं, आणि दुकानात 'ट्रॅव्हल पँट' म्हणून मिळते तिच्यात काही अर्थ आहे का?

मी म्हापशात एकतीस वर्षं पुरुषांचे कपडे शिवतो. माझ्या आधी वडील त्याच दुकानात शिवत. त्यांची निम्मी गिऱ्हाइकं तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला जाणारे आपले गोंयकार. त्यामुळे प्रवासाला निघालेल्या माणसाचे कपडे हा विषय मी लहानपणापासून ऐकत आलो आहे.

तुम्ही विचारलंय 'काय घालू', पण तुमची अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. आपण कपडे उभ्याने निवडतो. दुकानात आरशासमोर उभे राहतो, शिंप्याकडे उभ्याने माप देतो, ट्रायललाही उभे असतो. प्रवास मात्र सगळा बसून होतो. दहा-अकरा तास बसायचं, त्यात बर्थवर मांडी घालायची, वरच्या बर्थवर चढायचं, आडवं व्हायचं, आणि एवढं झाल्यावर चार अनोळखी माणसांसमोर उभं राहायचं. उभ्याने बेतलेली पँट यात हरणारच. म्हणून ब्रँड, फॅशन, रंग हे सगळं नंतर बघू.

काही गोष्टी माणसागणिक बदलतात, त्या आधीच सांगतो. तुम्हाला घाम किती येतो, गाडी एसी की स्लीपर, महिना जुलैचा की जानेवारीचा, आणि समोरचे लोक टाय लावणारे आहेत की नाहीत, यावर उत्तर थोडं इकडेतिकडे होईल. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून मी गृहीत धरतोय की प्रवास थ्री टायर एसीचा, घाम बऱ्यापैकी आणि मीटिंग कारखान्याच्या खरेदी विभागातली, जिथे सूट लागत नाही पण इस्त्रीचा माणूस लागतो.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. बँकेत काम करणारे एक गृहस्थ मुलाच्या अ‍ॅडमिशनसाठी पुण्याला निघाले होते. तेव्हा बिनचुणीच्या, मांडीला घट्ट पँटी नुकत्याच सगळ्यांना हव्या होत्या. मी तशी शिवली. ट्रायलला उभे राहिले तेव्हा पँट इतकी सुरेख बसली होती की मी स्वतः खूश झालो. आठ दिवसांनी ते परत आले. रात्रीच्या बसमध्ये पहाटेच्या सुमारास आसनाची, म्हणजे दोन मांड्यांमधली, शिवण उसवली होती आणि कॉलेजच्या ऑफिसात पूर्ण दिवस त्यांनी शर्ट बाहेर काढून, पाठ भिंतीला लावून काढला होता. ते रागावले नाहीत. पँट काउंटरवर ठेवली, माझ्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "बाब, मी असा बसून गेलो. तू मला असा मापलाच नाहीस." मला ते फार लागलं. त्या दिवसापासून माझ्याकडे पँटीचं माप दोनदा घेतलं जातं, एकदा उभ्याने आणि एकदा स्टुलावर बसवून.

माझ्या टेपखालून गेलेल्या माणसांवरून सांगतो. उभ्याने ४० इंच भरलेली सीट, म्हणजे कुल्ल्यांचा घेर, बसल्यावर साधारण दीड ते दोन इंच पसरते. पोट असेल तर कंबरही इंच-दीड इंच वाढते. आणि पाठीमागे, कमरेपासून आसनापर्यंतचं अंतर लांबतं. हे तिसरं माप रेडिमेड पँटीत सगळ्यात जास्त चुकतं. म्हणूनच बसलं की मागून बेल्ट खाली सरकतो, शर्ट बाहेर येतो, आणि पुढून तोच बेल्ट पोटात रुततो. तुमच्या कमरेला वळ उठतात ते पँट कमरेत लहान आहे म्हणून नव्हे. ती मागून आखूड आहे, म्हणून पुढे ओढली जाते. दोन नंबर मोठी पँट घेऊन हे सुटणार नाही, उलट सीटवर पिशवी लोंबेल.

यात आपली आणखी एक सवय आहे. आपण मांडी घालून बसणारी माणसं. गाडी रत्नागिरी सोडते न सोडते तोवर अर्धा डबा पाय वर घेऊन बसलेला असतो. आपल्या आजोबांचं धोतर, काष्टा मारून नेसलेलं वस्त्र, हे सगळं उकिडवं बसायला, मांडी घालायला, चिखलात वाकायला सोयीचं होतं. पँट ही खुर्चीवर बसणाऱ्या लोकांची वस्तू आहे. ती आपल्या बसण्याला जुळवून घ्यायची असेल तर शिवतानाच काळजी घ्यावी लागते.

तर तुमच्या शिंप्याला हे सांगा. मागची उंची, म्हणजे कमरेच्या मागच्या बाजूचं कापड, नेहमीपेक्षा पाऊण इंच वर ठेवायचं. पुढून तेवढं नाही, फक्त मागून. मांडीला मापापेक्षा अडीच ते तीन इंच सैलपणा हवा. पुढे दोन्ही बाजूंना एकेक चुणी घ्या. चुणी म्हटल्यावर तरुण गिऱ्हाइकं नाक मुरडतात, पण उभं असताना ती मिटलेली राहते आणि बसल्यावर उघडून पोटाला आणि मांडीला जागा देते. पोट असलेल्याला बिनचुणीची पँट पोट जास्तच दाखवते. मोहरी, म्हणजे पँटीच्या पायाचं खालचं तोंड, मात्र सैल सोडू नका. सीट ४० असेल तर मोहरीचा घेर साडेचौदा-पंधरा इंच पुरे. वर मोकळी, खाली निमुळती अशी पँट माणसाला नीटस दाखवते. लोकांचं लक्ष गुडघ्याखाली आणि बुटावर जातं, मांडीचा सैलपणा कुणाच्या ध्यानातही येत नाही.

कमरेच्या पट्टीला दोन्ही बाजूंना आतून चार-चार बोटांचं इलॅस्टिक घालता येतं. बाहेरून दिसत नाही. ते असलं की प्रवासात बेल्ट बॅगेत ठेवायचा आणि मीटिंगच्या आधी लावायचा. विमानतळावर तपासणीला बेल्ट काढा-घाला करावी लागत नाही, हा त्यातला आणखी एक फायदा. पँट पोटाच्या खाली घालायची सवय असेल तर ती मात्र सोडावी लागेल. बेंबीच्या जरा खाली, हाडावर टेकेल अशी कंबर ठेवा.

खिशांबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची. बाजूचे तिरके खिसे बसल्यावर उघडतात आणि फोन सीटवर घसरतो. खिशाची पिशवी दीड इंच जास्त खोल करून घ्या आणि उजव्या खिशाच्या आत एक छोटा चेनचा खिसा लावून घ्या, त्यात तिकिटाचे, टॅक्सीचे पैसे. मागच्या खिशात पाकीट ठेवून दहा तास बसू नका. एक कुल्ला वर, एक खाली अशा बसण्याने कंबर आणि पायाची शीर दुखायला लागते, आणि कापडावर पाकिटाचा चौकोन कायमचा उठतो तो कुठल्याही इस्त्रीने जात नाही.

पँट तयार झाली की दुकानातच तीन गोष्टी करून बघा. स्टुलावर पाच मिनिटं बसा. जमिनीवर मांडी घाला. एक पाय खुर्चीवर ठेवून वर चढा, वरच्या बर्थवर चढतो तसं. तिन्हीत कुठे ओढ लागली तर पँट तिथेच ठेवून या. चांगला शिंपी याचा राग मानत नाही.

आता कापड. चुरगळण्याचं कारण समजलं तर निवड सोपी होते. इस्त्रीवाला काय करतो? पाणी शिंपडतो, गरम करतो, दाब देतो. सुती धाग्याच्या आतले बंध ओलीने सैल होतात, दाबाखाली सरकतात आणि वाळताना नव्या जागी पक्के बसतात. इस्त्रीची घडी अशी बसते. आता तुम्ही मडगाव स्टेशनवर घामाने भिजलेली सुती पँट घालून सीटवर टेकता. ओल आहे, अंगाची ऊब आहे, वजनाचा दाब आहे. तुम्ही रात्रभर सुरकुत्यांना इस्त्री करत असता.

म्हणून दोन गुण बघायचे. कापडाने घाम शोषावा, आणि दाब गेल्यावर ते आपोआप पूर्वपदावर यावं. सूत शोषतं पण परत येत नाही. लिनन तर सुताहून जास्त चुरगळतं, जरी त्याच्याइतकं थंड दुसरं काही नाही. पॉलिस्टर चुरगळत नाही, पण शोषत जवळजवळ काहीच नाही. आकड्यांत सांगायचं तर साधारण हवामानात १०० ग्रॅम कोरडं सूत हवेतून ८ ग्रॅमच्या आसपास ओल धरतं, आणि पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही नाही. आपल्या हवेत पॉलिस्टरची पँट म्हणजे मांडीला प्लास्टिक गुंडाळल्यासारखी.

आणि लोकर १६ ग्रॅम धरते. गोव्यात लोकर म्हटल्यावर समोरचा माझ्याकडे चमकून बघतो. पण मी स्वेटरच्या लोकरीबद्दल बोलत नाही. बारीक, पिळदार धाग्याचं, साध्या विणीचं हलकं सूटिंग येतं, त्याला दुकानात 'ट्रॉपिकल' म्हणतात. उजेडासमोर धरलं तर विणीतून उजेड दिसतो, इतकं ते मोकळं असतं. लोकरीच्या तंतूला जन्मतःच कुरळेपणा असतो. दाब गेला की तो स्प्रिंगसारखा मागे येतो. रात्रभर घातलेली अशी पँट सकाळी अंघोळ करताना बाथरूमच्या खुंटीला टांगली तर वाफेने निम्म्या सुरकुत्या जातात. वासही ती सुताइतका धरत नाही.

तरी तुम्हाला मी शंभर टक्के लोकर घ्या असं सांगणार नाही. ती महाग, धुवायला नाजूक, आणि आपल्याकडे कपाटात कसर लागायची भीती मोठी. तुमच्यासाठी टेरीवूल योग्य, म्हणजे लोकर आणि पॉलिस्टरचं मिश्रण. त्यात लोकरीचा भाग जितका जास्त तितका आराम. ४५ टक्के लोकर असलेलं कापड सहज मिळतं आणि ते पुरेसं आहे. तेही परवडत नसेल तर पॉली-व्हिस्कोस. व्हिस्कोस घाम शोषतो, पॉलिस्टर आकार धरतो, पडही छान असते. कारखान्यात रोज घालायला मी स्वतः तेच सुचवतो. ५८ इंची पन्ह्याचं कापड असेल तर एका पँटीला सव्वा मीटर घ्या, म्हणजे शिंप्याला आत दाब, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, सोडायला जागा राहते. वर्षभराने पोट कमी-जास्त झालं तर त्याच दाबातून पँट सोडता येते.

कापड हातात घेतल्यावर एक चाचणी करा. कोपरा मुठीत घट्ट आवळा, वीस-तीस आकडे मोजा आणि सोडा. वळ्या तशाच राहिल्या तर ते कापड प्रवासाचं नव्हे. दुकानदाराने कितीही सांगितलं तरी तुमची मूठ खोटं बोलणार नाही.

'नॉन-आयर्न' लिहिलेल्या सुती पँटी आणि शर्ट येतात. त्यांच्यावर रासायनिक लेप देऊन धाग्यांचे बंध जखडलेले असतात. चुरगळत कमी, हे खरं. पण कापड थोडं कडक होतं, घाम कमी शोषतं आणि कॉलरच्या, कफच्या कडांना लवकर विरतं. मुंबईत राहणाऱ्या, एसी ऑफिसातून एसी गाडीत जाणाऱ्या माणसाला ठीक. आपल्याकडच्या मे महिन्यात मी ते अंगावर घालणार नाही.

ट्रॅव्हल पँट बहुधा नायलॉन आणि ताणणाऱ्या धाग्याची असते. वाळते लवकर, वजनाला हलकी. हुबळीच्या बसला, विशेषतः पावसाळ्यात, ती उपयोगी आहे आणि तेवढ्यासाठी एक असायला माझी हरकत नाही. घेतलीत तर चकाकी नसलेली, बाजूला फुगीर खिसे नसलेली घ्या. चालताना मांड्यांजवळ सळसळ आवाज येत असेल तर ठेवून द्या, मीटिंगच्या शांत खोलीत तो आवाज ऐकू येतो. तिला कडक इस्त्री करू नका, उष्णतेने ताणणारा धागा मरतो आणि गुडघे बाहेर येऊन बसतात.

जीन्सबद्दल तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. साधी जीन्स १२ ते १४ औंस वजनाच्या कापडाची, म्हणजे आपल्या पँटीच्या जवळजवळ दुप्पट जाड. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. एकदा भिजलेली जीन्स त्या हवेत दोन दिवस वाळत नाही. पावसाळ्यात प्रवासाला जीन्स घालू नका, एवढंच.

शर्टाकडे येतो. आपल्या हवेत अर्ध्या बाहीचा, बाहेर सोडायचा शर्ट नीट शिवला तर पूर्ण सभ्य दिसतो, यावर माझा ठाम विश्वास आहे. मनोहर पर्रीकर २०१४ मध्ये संरक्षणमंत्री झाले, तेव्हाही अर्ध्या बाह्यांचा साधा शर्ट घालूनच दिल्लीत वावरले. ज्या हवेत माणूस वाढला तिचा तो पोशाख आहे, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. फक्त तो शर्ट बाहेर सोडण्यासाठीच शिवलेला हवा. खालची कड सरळ, बाजूंना दीड-दोन इंचांची चीर, लांबी मागच्या खिशाच्या मध्यापर्यंत. बाही कोपराच्या वर चार बोटं संपावी आणि दंडाला दोन बोटं जातील इतकीच सैल असावी. रुंद, कोपरापर्यंत लोंबणारी बाही माणसाला बारीक आणि थकलेला दाखवते. पण मुंबईतले लोक तुम्हाला पहिल्यांदाच भेटणार असतील तर पूर्ण बाहीचा, खोचलेला शर्ट घाला. पहिल्या भेटीला तेवढा मान द्यावा.

मुंढ्याबद्दल, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या काखेकडच्या गोलाईबद्दल, गिऱ्हाइकांचा नेहमी गैरसमज असतो. 'मुंढा मोठा ठेवा, मोकळं वाटेल' असं सांगतात. होतं उलटं. मुंढा खोल असला की हात वर केल्यावर बाहीबरोबर पूर्ण शर्ट वर ओढला जातो. बसमध्ये दांडी धरून उभ्या असलेल्या माणसाचा शर्ट खोचणीतून बाहेर येतो तो यामुळे. मुंढा काखेच्या जवळ, आणि मोकळेपणा हवा तो छातीला चार इंच आणि पाठीला खांद्याजवळच्या दोन चुण्यांतून घ्या.

शर्टाला मात्र मी सूतच सांगेन. अंगाला थेट लागणारं, काखेजवळचं कापड शोषणारं हवं. चुरगळणं लपवायचं ते विणीने. गुळगुळीत पॉपलीनवर प्रत्येक सुरकुती दिसते. जाडसर विणीचं ऑक्सफर्ड, बारीक चौकड्या, किंवा सीअरसकर, ज्याच्या पट्ट्या विणतानाच चुणलेल्या असतात, त्यावर ती दिसत नाही. सीअरसकर अंगाला चिकटतही नाही, चुण्यांमुळे मधे हवा खेळते. आपल्याकडे तो फार कमी लोक घालतात याचं मला नेहमी वाईट वाटतं.

रंग निवडताना घामाचा विचार करा. मधला राखाडी आणि फिकट निळा हे दोन रंग ओलावा सगळ्यात स्पष्ट दाखवतात, आणि नेमके तेच 'फॉर्मल' म्हणून सगळ्यांकडे असतात. पांढरा आणि गडद निळा ओल लपवतात. आत बिनबाह्यांची नव्हे, बाह्यांची बनियन घाला म्हणजे काखेतला घाम तिच्यात अडकेल. गळा व्ही आकाराचा, रंग अंगाच्या रंगाजवळचा, कारण पांढऱ्या शर्टातून पांढरी बनियन उठून दिसते. पँटीचा रंग गडद निळा किंवा तपकिरी छटेचा राखाडी. काळ्यावर घामाचे पांढरे डाग दिसतात आणि आपली लाल माती तर काळ्या पँटीवर लगेच दिसते.

कोट तुम्हाला लागणार नाही. एसी डब्यात थंडी वाजते त्यासाठी गडद निळं, बिनअस्तराचं सुती जाकीट ठेवा, बिनबाह्यांचं आपलं नेहमीचं. आतल्या खिशात तिकीट, ओळखपत्र, चष्मा राहतो, आणि सकाळी शर्ट थोडा चुरगळला असेल तर जाकीट तो झाकतं. पांढऱ्या खादीचं मात्र नको, त्यावरून लोक भलताच अर्थ काढतात.

बुटांत मी फार जाणार नाही, तो माझा धंदा नव्हे. बिनलेसचे, रबरी तळव्याचे, साधे तपकिरी लोफर रेल्वेला सोयीचे, कारण बर्थवर चढताना दहा वेळा काढा-घाला होते. बूट संध्याकाळी विकत घ्या, बसून-चालून पाय किंचित फुगलेले असतात तेव्हा. मोजे पिंढरीपर्यंतचे; बसल्यावर पँट वर जाते आणि उघडी नडगी दिसते ती फार वाईट दिसते. पाय फार सुजत असतील किंवा शिरा फुगल्या असतील तर मोज्यांचा सल्ला डॉक्टरांकडून घ्या, शिंप्याकडून नव्हे. पावसाळ्यात चामडं ओलं झालं तर वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा. कपाटात तसंच ठेवलंत तर आठ दिवसांत बुरशी.

आता तुमची कोकणकन्या. एकाच कपड्यात झोपून त्याच कपड्यात मीटिंगला जायचा हट्ट सोडा. कितीही चांगलं कापड असलं तरी झोपायचे कपडे आणि भेटायचे कपडे वेगळेच. मडगावला चढताना टेरीवूलची पँट आणि साधा कॉलरचा टीशर्ट. जेवण झालं की पातळ सुती पायजमा चढवा. पँटीच्या दोन्ही पायांच्या घड्या जुळवा, मोहरीकडून सैलसर गुंडाळा आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवा. गाडी पहाटे मुंबईला पोचते आणि तुमची मीटिंग दहाला. हातात चार तास आहेत. वेटिंग रूममध्ये किंवा ओळखीच्या घरी अंघोळ करा, तेवढा वेळ पँट टांगलेली राहू द्या आणि बॅगेतला कोरा शर्ट काढा. शर्टाची घडी घालताना आत पातळ कागद किंवा बनियन ठेवली तर घडीवर धारदार रेघ पडत नाही. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या सावकाश चालतात, तेव्हा गाडीला उशीर झाला तर हे चार तास कमी होतील हे लक्षात ठेवा आणि त्या दिवसांत पँट डब्यातच बदलून उतरा.

हुबळीच्या बसचं वेगळं. घाटात गारवा, खाली उतरल्यावर ऊन, बसमध्ये धूळ. तिथे ट्रॅव्हल पँट किंवा पॉली-व्हिस्कोस, बाहेर सोडलेला अर्ध्या बाहीचा शर्ट आणि जाकीट. विमानाची काळजीच करू नका. मुंबईचं उड्डाण जेमतेम सव्वा तासाचं, आणि फोंड्याहून मोपाच्या विमानतळावर जायलाच जवळजवळ तेवढा वेळ लागतो. मीटिंगचेच कपडे घालून बसा, फक्त बेल्ट बॅगेत.

दहा हजारांचं म्हणाल तर पहिला खर्च शंभर-दोनशे रुपयांचा करा. तुमच्याकडची सगळ्यात चांगली पँट शिंप्याकडे न्या आणि मागच्या मधल्या शिवणीत दाब किती आहे ते उलटून बघायला सांगा. रेडिमेड पँटीत बाजूंना दाब नसला तरी तिथे बहुधा असतो. अर्धा-पाऊण इंच सोडला तर अर्धा त्रास तिथेच कमी होईल आणि मी म्हणतो ते खरं की खोटं, तेही कळेल. पटलं तर निम्मे पैसे एका टेरीवूलच्या पँटीवर घाला, राहिलेल्यांत दोन शर्ट आणि जाकीट. बूट तुमच्याकडे असतीलच. सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात बाही आखूड होईल. टेरीवूल भिजवू नका, शिंपी वाफेची इस्त्री देऊन घेईल.

आणि कापड चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर घेऊन जाऊ नका. त्या महिन्यात आम्हा सगळ्यांकडे रात्री बारापर्यंत मशीन चालतं आणि कुणालाच स्टुलावर बसवून मापायला वेळ नसतो. चवथ झाल्यावर पंधरा दिवसांनी जा. जाताना प्रवासाला घालता तेच बूट घाला, फोन आणि किल्ल्या खिशात असू द्या, आणि शिंप्याने टेप काढला की आधी बसायला स्टूल मागा.